आजोबांचा छापखाना दोन वर्षे बंद ठेवू का?

सप्रेम नमस्कार. मी ३८ वर्षांची आहे. दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या तळमजल्यावर आजोबांचा छापखाना होता. ऑफसेट छपाई सर्वत्र झाल्यावर वडिलांनी १९९४ साली तो बंद केला आणि मी २०१७ साली पुन्हा उघडला. त्याला आता आठ वर्षे झाली. शिशाचे खिळे हाताने जुळवून मी लग्नामुंजीच्या पत्रिका छापते, अधूनमधून कवितांच्या छोट्या पुस्तिका काढते. रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस मी तिथे असते. आजोबांच्या हाताखाली तयार झालेले जुळारी काका आज ७१ वर्षांचे आहेत आणि अजून रोज येतात. गेल्या वर्षी ३,१०,००० रुपये जमा झाले. कागद, शाई, बांधणी यांचे १,०४,०००, काकांच्या पगाराचे १,०८,००० आणि वीज, दुरुस्ती, कुरिअरचे ५२,००० रुपये वजा जाता हाती ४६,००० रुपये उरले. मांजलपूरच्या घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी आठवीत आहे. शिवाय पुस्तिकांसाठी दोन कवींकडून घेतलेले ३८,००० रुपये माझ्याकडे आहेत.

माझा मावसभाऊ मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या खोक्यांचे डाय पंचिंग आणि पेस्टिंग करतो, म्हणजे छापील पुठ्ठा पात्यांच्या साच्याने कापून आणि चिकटवून खोकी तयार करतो. त्याला भागीदार हवा आहे. मी ६ लाख रुपये घालावेत, पूर्ण वेळ यावे आणि छापखान्यातील ऑटोमॅटिक मशीन तिकडे हलवावे, असे तो म्हणतो. आई म्हणते, खिळे भंगारात द्यावेत आणि तळमजला भाड्याने द्यावा, महिना ८,००० रुपये येतील. मला छापखाना मोडायचा नाही, फक्त दोन वर्षे थांबवावा असे वाटते. पण असे थांबवलेले काम पुन्हा सुरू होते का? आणि सकाळी कुलूप उघडताना हल्ली आधी हप्ते आठवतात, हे कबूल करणे म्हणजे हार मानणे आहे का?

एक खिळे जुळवणारी, वडोदरा

प्रिय ताई,

उत्तर आधी सांगते. छापखाना थांबवा, आणि या हंगामातील पत्रिका हातावेगळ्या झाल्या की थांबवा. मावसभावाच्या धंद्यात जा, पण त्याने घातलेल्या तीन अटींपैकी दोन जशाच्या तशा मान्य करू नका. खिळ्यांबद्दलचे आईचे म्हणणे ऐकू नका. आणि काकांचे काय करायचे याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही, ती बाकीच्या सर्व निर्णयांच्या आधी लिहा. मला जे मनापासून सांगायचे आहे ते या शेवटच्या गोष्टीबद्दल आहे, परंतु तिथे येण्यापूर्वी हिशेब नीट पाहू या.

तुम्ही हिशेब प्रामाणिकपणे मांडला आहे, मात्र त्यात दोन रकमा धरलेल्या नाहीत. एक तुमच्या मजुरीची. वर्षाला १,८०० तास तुम्ही छापखान्यात असता, आणि ४६,००० रुपये त्या तासांवर वाटले तर ताशी साधारण साडेपंचवीस रुपये पडतात. दुसरी रक्कम जागेची. आई सांगतात तसे भाडे आले असते तर वर्षाचे ९६,००० रुपये झाले असते. तेवढे भाडे छापखान्याने भरायचे म्हटले, तर तुमच्या मजुरीचा एक रुपयाही न धरता वर्षाअखेर ५०,००० रुपयांची तूट येते. म्हणजे इतकी वर्षे वाडा आणि तुम्ही मिळून छापखाना पोसत आला आहात. त्यात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. ज्या कामावर जीव असतो ते माणसे पोसतातच, आणि आपल्या वडोदऱ्यातील कितीतरी मराठी मंडळे, वाचनालये आणि भजनी मंडळ्या अशाच कोणाच्या तरी घरच्या जिवावर चालत आल्या आहेत. पण पोसणाऱ्या घराचेच हप्ते थकू लागले की त्याच पद्धतीने पुढे चालणे शक्य नसते.

दर वाढवून हे सुटेल का, याचा मी बराच विचार केला, कारण थांबवण्याचा सल्ला देण्यापूर्वी ती वाट तपासणे माझे कर्तव्य होते. माझे मत असे की सुटणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. हाताने जुळवलेल्या छपाईत बहुतेक कष्ट पहिली प्रत निघेपर्यंतच होतात. मजकूर जुळवायचा, मुद्रिते तपासायची, चौकट आवळायची, मशीनवर दाब सारखा करून घ्यायचा, हे सर्व ६० प्रतींसाठी करावे लागते आणि ५०० प्रतींसाठीही तेवढेच करावे लागते. पूर्वी एका लग्नाच्या पाचशे पत्रिका निघत, तेव्हा हे कष्ट पाचशे प्रतींवर वाटले जात. आता देवापुढे ठेवायला आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना द्यायला म्हणून पन्नास-साठ पत्रिका छापून घेतात आणि बाकीची आमंत्रणे मोबाइलवरून जातात. दर वाढवला तरी हे गणित फारसे बदलत नाही, उलट असलेल्या साठ प्रतीही कमी होतात. तुमच्या कौशल्यात काही उणे असल्यामुळे उत्पन्न घटलेले नाही. काम मागण्याची लोकांची रीत बदलली आहे, आणि तुम्ही आणखी चार तास जागून ती परत येणार नाही.

आता हार मानण्याबद्दल. आपल्या गावात हा प्रश्न फार जुना आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे दिली, ते हातातल्या कलेला पोटापाण्याचा आधार मिळावा म्हणूनच. त्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके हे तुमच्याच व्यवसायातले होते, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहिला. गोध्र्यात प्लेगने पत्नी आणि मूल गेले, तो व्यवसायही टिकला नाही. पुढे त्यांनी १९०३ साली पुराणवस्तू खात्यात नोकरी धरली, ती सोडून लोणावळ्यात छापखाना काढला, तोही सोडला आणि १९१३ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, आपला पहिला कथापट लोकांपुढे आणला. हे उदाहरण मी यशाची हमी म्हणून देत नाही, कारण त्यांचे उत्तरायुष्य आर्थिक ओढाताणीतच गेले. मला त्यांच्या आयुष्यातील एवढेच दाखवायचे आहे की चित्रकलेतून छायाचित्रणाकडे, तिथून छपाईकडे आणि छपाईतून चित्रपटाकडे जाताना प्रत्येक वेळी धंदा मागे राहिला, पण हातात आलेली विद्या त्यांच्याबरोबर पुढे गेली. तुमच्या बाबतीतही तसे होऊ शकते. छपाईच्या मशीनवर कागदाखाली पातळ पट्ट्या देऊन दाब सारखा करण्याची जी नजर तुम्हाला आठ वर्षांत आली आहे, तीच नजर डाय पंचिंगमध्ये लागते. डायच्या पात्या सगळीकडे सारख्या कापत नसतील तर तिथेही पॅकिंग देऊनच काम जमवावे लागते, आणि हे जमणारी माणसे त्या वस्तीत सहज मिळत नाहीत. मकरपुऱ्यात तुम्ही रिकाम्या हाताने जाणार नाही. सकाळी कुलूप उघडताना हप्ते आठवणे ही मला हार वाटत नाही. आई असलेल्या बाईला ते आठवले नसते तरच मला काळजी वाटली असती.

आता मी माझी गोष्ट सांगते, कारण तुम्हाला देत असलेला सल्ला मी तिच्यातून शिकले आहे.

१९८८ ते १९९६ या काळात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत इथल्या मराठी मुलांसाठी नाट्यशिबिर घेत असे. शाळेत गुजराती, रस्त्यावर हिंदी आणि घरात अर्धवट मराठी बोलणारी ती मुले महिनाभरात स्वच्छ मराठीत संवाद म्हणत, आणि गांधी नगरगृहात त्यांचा प्रयोग झाला की आज्यांच्या डोळ्यांना पाणी येई. १९९६ साली यजमानांची नोकरी गेली आणि मी जेवणाच्या डब्यांचा व्यवसाय सुरू केला. सकाळी चाळीस डबे जात, पुढे शंभरावर गेले. त्या डब्यांनी माझे घर उभे केले, दोन मुलांची शिक्षणे केली, आणि तो निर्णय चुकला असे मला एकदाही वाटलेले नाही. माझी चूक दुसरीच होती. शिबिर थांबवले आहे असे मी कोणालाच सांगितले नाही, स्वतःलासुद्धा नाही. पालक विचारत तेव्हा मी "पुढच्या मे महिन्यात पाहू" म्हणत असे. तीन मे महिने असे गेले. खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना एका मुलीच्या आईने विचारले, "ताई, यंदा शिबिर कधी?" आणि मी खोटे बोलले की जागा मिळत नाही. त्यानंतर मी त्या बाजूला जाणे टाळू लागले.

पडदे माळ्यावर कुजले, पोशाख वाटून टाकले. त्या वस्तूंचे मला फारसे वाईट वाटत नाही, कापड पुन्हा आणता येते. आमचे एक वयस्क पेटीवादक होते, त्यांनी मुलांसाठी चौदा गाण्यांना चाली लावल्या होत्या. गाण्यांचे शब्द माझ्या वहीत आहेत. चाली त्यांच्या बोटांत होत्या आणि त्या उतरवून घ्यायला पुढच्या मे महिन्यात वेळ मिळेल असे मी धरून चालले होते. २००३ साली ते गेले. आज कोणी मला जागा, पैसा आणि तीस मुले दिली तरी ती चौदा गाणी मी उभी करू शकत नाही. मला दोन चाली अर्ध्या आठवतात.

म्हणून तुमच्या पत्रातील "७१ वर्षांचे आहेत आणि अजून रोज येतात" या वाक्यापाशी मी थबकले. तुमच्या छापखान्यातील प्रत्येक गोष्टीला हाच एक प्रश्न विचारा: ही दोन वर्षे वाट पाहू शकेल का? मशीन पाहू शकेल. खिळे पाहू शकतील. गिऱ्हाईकसुद्धा पाहील, कारण ज्याला हाताने छापलेली पत्रिका हवी असते तो तुम्हाला शोधत येतो. काका वाट पाहू शकतील असे धरून चालू नका. देवनागरीच्या खिळ्यांच्या पेट्यांत शेकडो खाने असतात, त्यांतले कोणते जोडाक्षर कोठे आहे, कोणते खिळे झिजले आहेत म्हणून टाळायचे, मात्रा, रफार आणि उकार बसवताना ओळ वर-खाली होऊ नये म्हणून काय करायचे, ओळ भरताना मोकळी जागा कोठे वाढवली तर डोळ्याला खटकत नाही, हे सर्व त्यांना ठाऊक आहे. हे तुम्हाला किती येते, ते तुम्हीच प्रामाणिकपणे तपासा. अवघड मजकूर आला की तो काकांकडे सरकवण्याची सवय तुम्हाला लागली असेल, तर जे येत नाही ते बरेच असणार.

छापखाना थांबला तरी काकांचे येणे पूर्ण थांबवू नका. महिन्यातील दोन शनिवार तुम्ही दोघे तिथे बसा. गिऱ्हाइकाचे काम घेऊ नका, फक्त शिका. पहिल्या दोन महिन्यांत सर्व पेट्यांचा खानेनिहाय नकाशा कागदावर काढून घ्या. मोबाइल स्टँडवर लावून त्यांचे हात चित्रित करा, आणि ते बोलत असतील तर मध्ये बोलू नका. विद्यापीठाच्या ललितकला विभागात प्रिंटमेकिंग शिकणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला नोंदी करायला बोलावले तर तो आनंदाने येईल, पण त्याचे शिबिर होऊ देऊ नका, नाहीतर थांबवलेले काम दुसऱ्या नावाने सुरू होईल आणि तुमचे शनिवार त्यातच जातील. या दोन शनिवारांचे काकांना महिना ३,००० रुपये द्या आणि तो खर्च मुलीच्या फीसारखा घरखर्चात धरा. नव्या धंद्यात कितीही ओढाताण झाली तरी तो कापू नका.

अर्थात त्यांचे महिन्याचे ९,००० रुपये आता ३,००० होणार आहेत, आणि ७१ वर्षांच्या माणसाला दुसरीकडे नोकरी मिळत नाही. हे त्यांना तीन महिने आधी, स्वतः त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या पत्नी किंवा मुलासमोर सांगा. ग्रॅच्युइटीचा कायदा दहांहून कमी माणसे असलेल्या जागेला लागू होत नाही, म्हणून तुमच्यावर कायद्याचे बंधन नाही. तरीही मी त्याच सूत्राने हिशेब करून रक्कम द्यावी असे सांगेन. महिन्याच्या पगाराला २६ने भागून १५ने गुणले की एका वर्षाचे साधारण ५,१९२ रुपये होतात, आठ वर्षांचे सुमारे ४१,५०० रुपये. गेल्या वर्षीच्या तुमच्या जवळजवळ संपूर्ण शिलकीएवढी ही रक्कम आहे, याची मला जाणीव आहे. या हंगामातील पत्रिकांच्या पैशांतून ती पहिल्यांदा बाजूला काढा.

आता मावसभाऊ. ऑटोमॅटिक मशीन मकरपुऱ्याला पाठवू नका. जुन्या लेटरप्रेस मशीनवर पंचिंग, क्रीजिंग, नंबरिंग करून कितीतरी छापखाने आजही तग धरून आहेत, त्यामुळे त्याची मागणी गैर नाही. पण कापायला लागणारा दाब छपाईच्या दाबाहून पुष्कळ जास्त असतो. शिवाय पोलादी पात्या रोज आपटत राहिल्या आणि संरक्षक पत्रा नीट बसवला नाही, तर दाब घेणाऱ्या पाट्यावर चरे पडतात. मग त्यावर बारीक मजकूर पुन्हा सारखा उठत नाही. त्याला पंचिंगसाठीच सेकंडहँड मशीन घ्यायला सांगा आणि ते नीट पारखायला तुम्ही स्वतः बरोबर जा.

६ लाख रुपयेही लगेच घालू नका. आधी तीन महिने पगारावर काम करा. त्या काळात त्याच्या वह्या पाहा: गिऱ्हाईक किती आहेत, निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचे तर नाही ना, उधारी किती दिवसांची आहे, माल परत किती येतो. औषधांच्या खोक्यांत एका औषधाच्या गठ्ठ्यात दुसऱ्याचे एक खोके मिसळले तरी तो गंभीर दोष मानला जातो, त्यामुळे एक काम संपल्यावर टेबल आणि मशीन पूर्ण रिकामे करूनच दुसरे घेण्याची शिस्त तिथे आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहा. तो फक्त मजुरीचे काम करत असेल, म्हणजे छापील कागद ऑफसेटवाल्याचा आणि पंचिंग-पेस्टिंग याचे, तर ते मला जास्त सुरक्षित वाटते, कारण बोर्ड विकत घेण्यात पैसा अडकत नाही. त्याने उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली नसेल तर ती करून घ्यायला लावा. ती ऑनलाइन आणि मोफत होते, आणि त्यामुळे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावे, अन्यथा व्याज द्यावे, असा आग्रह लेखी धरता येतो.

तीन महिन्यांनी सगळे पटले तर भागीदारी करा, पण कागदाशिवाय करू नका. साध्या भागीदारी पेढीत पेढीचे कर्ज भागीदाराच्या खाजगी मालमत्तेतूनही वसूल होऊ शकते, आणि तुमच्या खाजगी मालमत्तेत उद्या वाड्यातला हिस्सा येईल. म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, करता येईल का, हे एखाद्या सीएला विचारा. त्यात जबाबदारी साधारणपणे घातलेल्या भांडवलापुरती राहते. छापखान्याची मशीन, खिळे आणि पेट्या यांची यादी करून ती भागीदारीबाहेर आहेत असे करारात स्पष्ट लिहून घ्या. भाऊ चांगला असेल तर त्याला याचा राग येणार नाही.

आईंना खिळ्यांबद्दल सांगताना भावनेचा आधार घेऊ नका, व्यवहारच सांगा. भंगारवाला शिसे म्हणून वजनावर पैसे देईल आणि ते एका हप्त्यात संपतील. देवनागरी खिळे ओतणाऱ्या फाउंड्र्या एकेक करून बंद पडल्या आहेत. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत ज्या ओतकामाला सुरुवात केली आणि ज्यातून निर्णयसागर छापखान्याची ती देखणी अक्षरे आली, तसे काम आज तुम्हाला कोणी करून देणार नाही. तळमजला भाड्याने द्यायचा आईंचा विचार मात्र मला अर्धा पटतो. पुढची खोली द्या, मागची ठेवा. निम्मे भाडे आले तरी काकांचे ३,००० रुपये त्यातून सुटतात.

बंद करताना सगळे फर्मे, म्हणजे छपाईसाठी जुळवून चौकटीत आवळलेले मजकूर, सोडवून खिळे आपापल्या खान्यांत परत टाका. बांधून ठेवलेला फर्मा दोन वर्षांनी कोणाच्या कामाचा नसतो. शाईचे रूळ काढून, स्वच्छ करून, कशालाही न टेकता उभे ठेवा, नाहीतर टेकलेल्या जागी ते चपटे होतात. मशीनला तेल देऊन सुती कापडाने झाका, प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून गंज धरतो. दोन शनिवारांपैकी एका शनिवारी चाक हाताने फिरवा. खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा, कारण ते शिशाचे विष आहे आणि घरात मुलगी आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहराच्या कितीतरी भागांत शिरले होते, तेव्हा तुमच्या गल्लीत ते आले की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. रोज उघडणाऱ्या जागेत पाणी आले तर कोणीतरी धावते, बंद जागेत ते तीन दिवस तसेच राहते. खालच्या पेट्या कमरेच्या वर चढवल्याशिवाय कुलूप लावू नका.

दोन कवींचे ३८,००० रुपये ही माझ्या दृष्टीने सर्वांत तातडीची देणी आहेत. ज्याची पुस्तिका निम्म्याहून अधिक जुळली असेल त्याची पुरी करा, दुसऱ्याचे पैसे परत करा आणि त्याला फोन करून सांगा. निरोप पाठवू नका. मग तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका पूर्ण करा आणि पौषात थांबा. पौषात लग्ने नसतात, छापखान्याला तसाही विसावा असतो. दारावर मराठीत आणि गुजरातीत एक पाटी लावा, शक्य तर स्वतःच्या खिळ्यांनी छापलेली, आणि तीवर तारीख घाला: अमुक दिवसापासून काम बंद आहे, दोन वर्षांनी दिवाळीच्या पाडव्याला पुढचे कळवू. माझ्याकडून तेवढी एक पाटी लागली असती तर खंडेराव मार्केटमध्ये मला खोटे बोलावे लागले नसते.

त्या पाडव्याला काय होईल हे मी सांगू शकत नाही. धंद्यातून सलग सहा महिने घरखर्च आणि हप्ते भागून काही उरत असेल, तर आठवड्याचे दोन दिवस छापखाना उघडता येईल, आणि तेव्हा पूर्ण पैसे आगाऊ आल्याशिवाय पुस्तिका घेऊ नका. तसे झाले नसेल तर पाटीवरची तारीख बदला. असेही होईल की तोवर तुम्हाला खोक्यांचे काम आवडू लागलेले असेल आणि खिळ्यांकडे परतावेसे वाटणार नाही. तसे झाले तरी काकांची विद्या तोपर्यंत तुमच्या हातात आणि कागदावर आलेली असेल, आणि ती घ्यायला पुढे कोणी आले तर तुम्ही देऊ शकाल. माझ्याकडे कोणी आले तर मी फक्त शब्दांची वही देऊ शकते.

मकरपुऱ्याला होकार कळवण्याआधी याच रविवारी काकांच्या घरी जा. आठ वर्षांचा हिशेब लिहिलेला कागद बरोबर न्या आणि त्यांना विचारा की महिन्यातील कोणते दोन शनिवार त्यांना सोयीचे पडतील.

तुमची,
सल्लागार ताई